शिक्का मारलेली एकोणचाळीस कार्डं

परीक्षेचे दिवस आले की दौंडमधल्या आमच्या गल्लीचा आवाज बदलतो. एरवी सकाळी दुधाच्या किटल्या वाजतात, कुरकुंभकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस हॉर्न देत जातात, यार्डातून डब्याला डबा जोडल्याचा दणका येतो. मार्चमध्ये या सगळ्यात एक बारीक टकटक मिसळते. दहावीची मुलं परीक्षेच्या पॅडचा चिमटा उघडत-मिटत चाललेली असतात. आपण तो आवाज करतोय हे त्यांच्या गावीही नसतं. मी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलेला असतो, आणि ती टकटक जवळ आली की घडी घालून आत जातो.

आत कपाटावर चहापत्तीचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. निदान या मार्चपर्यंत होता. त्यात क्रिकेटपटूंची चाळीस कार्डं होती. त्यातली एकोणचाळीस माझी नव्हती. आयुब मुलाणी नावाच्या सातवीतल्या मुलाची ती होती. जवळजवळ तीस वर्षांपूर्वी शिरूरच्या शाळेत, वार्षिक परीक्षेत मी ती त्याच्याकडून काढून घेतली आणि त्यानं कॉपी केली असं लिहून दिलं. त्याच संध्याकाळी मला कळलं की त्यानं कॉपी केली नव्हती. पुढे त्याचे वडील कार्डं मागायला आले, तेव्हा ती जाळून टाकली असं मी सांगितलं.

हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याबद्दल भलता समज करून घेणार नाही.

त्या वर्षी शिरूरच्या दुकानांत एक गुलाबी, चघळायची गोळी आली होती. मुलं ती चार मिनिटं चघळत आणि बाकाखाली चिकटवत. खरा जीव गोळीच्या वेष्टनातल्या कार्डावर. पत्त्यापेक्षा थोडं लहान, जाड पुठ्ठ्याचं. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे नंबर आणि चार रकाने : सामने, डाव, नाबाद, धावा. चाळीस नंबरांचा पूर्ण संच. सत्तावीस नंबर कोणाकडेच नव्हता. तो एक यष्टिरक्षक होता एवढंच मुलांना माहीत होतं, कारण बाकीच्या एकोणचाळिसांत यष्टिरक्षक एकही नव्हता. पाबळहून येणारा एक मुलगा शपथेवर सांगायचा की त्याच्या मावसभावाकडे सत्तावीस आहे. मावसभाव कधी दिसला नाही.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बाजार भरायचा. मला वर्गातून ऐकू यायचं.

"दोन बॉलर घे आन् हा लेफ्टी दे."

"ह्याचा कोपरा दुमडलाय. कोपरा दुमडलेला मी घेत न्हाई."

"आरं, कोपऱ्यानं काय खेळत्यात व्हय?"

"मग तुझ्याकडंच ठिव की."

मी गणित शिकवायचो. कोणतं कार्ड किती कार्डांच्या बरोबरीचं, हा भाव रोज बदलायचा आणि तरी सगळ्यांना तो माहीत असायचा. कोण ठरवत होतं? कुठे लिहिलेलं नव्हतं. सोमवारी एका फलंदाजाची किंमत तीन कार्डं, मंगळवारी रेडिओवर तो शून्यावर बाद झाल्याचं ऐकलं की बुधवारी दीड. दीड म्हणजे एक कार्ड आणि अर्धी गोळी. मला आतून फार कुतूहल वाटायचं, आणि बाहेरून मी डस्टर आपटून व्हरांडा मोकळा करायचो.

तो हंगाम आठवला की आधी वास येतात. बाहेर कांदा काढणी चाललेली, वाऱ्यावर उग्र गोडसर वास. घोडनदी आटलेली, पात्रात म्हशींपुरतं पाणी. वर्गाला पत्र्याचं छप्पर, दुपारी बारानंतर ते तडतडायला लागायचं. आणि आयुबच्या बाकाजवळ गेलं की वॉर्निशचा वास. त्याच्या वडिलांचं, कासम मिस्त्रींचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात विहिरींची पाणीपातळी खाली जाते, मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये दुकानापुढे जळक्या मोटारींची रांग लागायची. आयुब सकाळी तांब्याची तार गुंडाळायला बसायचा आणि अकराला शाळेत यायचा. नखांत वॉर्निश, कानावर पेन्सिल. वर्गात कानावर पेन्सिल ठेवू नये म्हणून मी त्याला दोनदा उभं केलं होतं.

गणिताच्या पेपरला मीच वर्गावर होतो. अर्धा तास उरला असताना आयुब मान खाली घालून काहीतरी लिहीत होता आणि त्याची उत्तरपत्रिका बंद करून बाजूला ठेवलेली होती. मी जवळ गेलो. कंपासपेटीत कार्डांची चवड, आणि प्रत्येक कार्डाच्या मागे बारीक पेन्सिलीनं आकडे. दशांशचिन्हं असलेले आकडे. त्या दिवशी पेपरात सरासरीचा प्रश्न होता.

"सर, माझा पेपर झालाय," तो म्हणाला.

"दिसतंय ना झालेला," मी म्हणालो. वर्ग हसला. वर्ग हसला की मास्तरला आपण बरोबर आहोत असं वाटतं. ही सवय वाईट, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या शाळेत परीक्षेत पकडलेल्या प्रत्येक चिठोऱ्यावर शाळेचा गोल शिक्का मारायची पद्धत होती. मुख्याध्यापकांचा शिक्क्यावर फार विश्वास. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का, नकाशांच्या गुंडाळीवरही शिक्का. मी ऑफिसात बसलो आणि एकोणचाळीस कार्डांवर जांभळा शिक्का मारला. मागची बाजू म्हणजे पुरावा, ती खराब होऊ नये म्हणून शिक्का पुढच्या बाजूवर मारला. खेळाडूंच्या तोंडावर. जलदगती गोलंदाज, फिरकी गोलंदाज, कप्तान, सगळ्यांच्या नाकावरून आमच्या शाळेचं नाव गोल फिरलं. मग कागदावर लिहून दिलं : विद्यार्थ्याजवळ सरासरीची उत्तरं लिहिलेली कार्डं सापडली.

मुख्याध्यापकांनी गणितात शून्य दिलं. कार्डं माझ्याकडे ठेवायला सांगितली, निकालानंतर पालकांना परत द्या म्हणाले.

संध्याकाळी खोलीवर चहा करून मी ती कार्डं मांडून बसलो. कुतूहलानंच. कॉपी केली तर कशी केली ते बघावं. पहिल्या कार्डावर डाव बासष्ट, नाबाद बारा, धावा पंधराशे तीस. खाली आयुबचा आकडा : ३०.६. मी भागून पाहिलं. बासष्टनं भागलं की चोवीस पूर्णांक अडुसष्ट येतात. म्हणजे पोरानं कॉपी केली ती केली, वर चुकीची केली! मला बरं वाटलं. दुसरं कार्ड पाहिलं, तेही चुकीचं. तिसरंही. दहाव्या कार्डापर्यंत आल्यावर चहा निवला होता आणि माझं बरं वाटणं थांबलं होतं. सगळ्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या होत्या. चूक इतक्या शिस्तीत होत असेल तर ती चूक नसते, नियम असतो.

तो नियम मला शोधायला पाऊण तास लागला. क्रिकेटमध्ये फलंदाजाची सरासरी काढताना एकूण डावांनी भागत नाहीत. ज्या डावांत तो बाद झालाच नाही ते आधी वजा करतात. बासष्टातून बारा गेले, राहिले पन्नास. पंधराशे तीस भागिले पन्नास, तीस पूर्णांक सहा. मी गणिताचा मास्तर, आणि कशानं भागायचं हे मला सातवीतल्या मुलाच्या पेन्सिलीनं सांगितलं. एकोणचाळीसपैकी एकही भागाकार चुकलेला नव्हता.

पेपरात पाच मुलांच्या वजनांची सरासरी विचारली होती. त्या प्रश्नाचा या कार्डांशी काडीचा संबंध नव्हता. उत्तरपत्रिकाही माझ्याकडेच होती. उघडून तपासली. एक उत्तर सोडता सगळी बरोबर. तो पेपर खरंच झाला होता, आणि उरलेल्या वेळात तो पोरगा स्वतःच्या आनंदासाठी भागाकार करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांकडे जाऊन "माझं चुकलं" एवढं म्हणायचं होतं. मी शाळेत गेलो, हजेरीपत्रकावर सही केली, आणि म्हणालो नाही. वर्ग हसला होता ना. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण सापडेल म्हणून मी तीस वर्षं शोधलं.

निकालाच्या आदल्या दिवशी कासम मिस्त्री आले. हात पुसत पुसत आले, तरी हाताला ग्रीस होतंच. व्हरांड्यात उभं राहून म्हणाले, "सर, पोराला मी हानलं त्या दिवशी. तुम्ही म्हनला म्हंजी त्यानं केलीच असंल. पर त्येवढी कार्डं द्या. त्यो जेवंना झालाय."

कार्डं माझ्या पिशवीत होती. पण ती दिली आणि कोणी मागची बाजू नीट वाचली तर? ती कार्डं आता त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हती, माझ्याविरुद्धचा होती.

"जाळली मिस्त्री," मी म्हणालो. "नियमच आहे तसा."

"बरं," ते म्हणाले, आणि मला नमस्कार करून गेले. जूनमध्ये आठवीच्या हजेरीत आयुबचं नाव नव्हतं.

यानंतर मी जे केलं ते कोणाला सांगितलं तर हसू येईल. मला स्वतःला अजून त्याचा अर्थ नीट लागलेला नाही. दर शनिवारी मी शिरूरहून न्हावरा, चौफुला करत दौंडला घरी यायचो. दौंडला स्टेशनाजवळच्या दुकानांत मुंबईकडचा माल लवकर यायचा. पुढचं वर्षभर मी तिथे दर शनिवारी त्या गुलाबी गोळ्या घेतल्या. सत्तावीस नंबरासाठी. दुकानदाराला वाटायचं मला नातवंडं असावीत. वय पंचेचाळीस. कार्ड काढून गोळी फेकून द्यायची तर अन्न टाकल्यासारखं वाटायचं, म्हणून ती मी चघळायचो. ही एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या शर्टाला खाऊचा वास येतो." मी म्हणालो, मुलांकडून जप्त केल्या. जप्तीचं नाव घेतलं की माझं सगळं खपून जायचं.

आणि एका शनिवारी सत्तावीस निघालं. लाल टोपी घातलेला, हातमोजे उंचावलेला यष्टिरक्षक. स्टेशनाबाहेर, टांग्यांच्या रांगेजवळ उभा राहून मी ते कार्ड उन्हात धरलं. आता संच पूर्ण झाला, आता नेऊन देऊ, असं वाटलं. पण जाळलेली कार्डं परत कशी देणार? डबा कपाटावर गेला.

तिथे तो राहिला. मी निवृत्त झालो, कायमचा दौंडला आलो. डबा अधूनमधून काढायचा, कार्डं पुसायची, ठेवायची. माणूस एखादी वस्तू जपतो ती प्रेमानं की भीतीनं, हे बाहेरून ओळखता येत नाही. जपणाऱ्यालाही नेहमी येतंच असं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला पवळे राहतात. रेल्वेत गार्ड होते. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद. काडेपेट्यांचे छाप, पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं, नाणी. त्यांच्याकडे एक अमेरिकेतलं बेसबॉलचं कार्डही आहे. इथल्या रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब परदेशी गेलं तेव्हा त्यांनी टाकलेल्या पुस्तकात सापडलेलं. दांडकं खांद्यावर घेतलेला, कानांवरून टोपी ओढलेला एक गोरा माणूस. हा खेळ पवळ्यांनी कधी पाहिलेला नाही, पण कार्ड दोन काचांमध्ये ठेवून चिकटपट्टीनं बंद केलेलं आहे. तिकडे लोक असल्या कार्डांचे कोपरे भिंगातून बघतात आणि दहापैकी मार्क देतात, असं त्यांनी मला सांगितलं.

"कोपऱ्यांना मार्क?"

"कोपऱ्याला, कडेला, रंगाला, चित्र मधोमध छापलंय का त्याला. तुम्ही अक्षराला देत होता ना, तसंच."

या मार्चमध्ये, टकटक सुरू झाल्यावर, मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. किंमत करायला, असं म्हणालो. पवळ्यांनी खाली पांढरा रुमाल अंथरला, चष्म्यावर भिंग चढवलं आणि पहिलंच कार्ड उलटं केलं.

"मागची बाजू आधी बघायची," ते म्हणाले. "पुढून सगळेच देखणे असतात."

मग बराच वेळ त्यांच्या तोंडून नुसते आवाज येत राहिले. मध्येच कार्ड नाकाशी धरलं. "सर, तीस वर्षांच्या पुठ्ठ्याचे कोपरे इतके कडक? हे काय लावलंय?"

मी वास घेतला. इतकी वर्षं ती कार्डं पुसत होतो आणि मला हे दिसलं नव्हतं. प्रत्येक कार्डाच्या चारी कडांवरून वॉर्निशचा केसाएवढा पातळ थर फिरलेला होता. मोटारीच्या गुंडाळीला देतात ते. कोपरे दुमडू नयेत म्हणून त्या पोरानं वडिलांच्या डब्यातला ब्रश प्रत्येक कडेवरून फिरवला होता.

"हुशार आहे," पवळे म्हणाले. "पण बाजारात याला खोड म्हणतात. पेन्सिल, वॉर्निश आणि वरून हा शिक्का. सर, कार्डं जप्त केलीत का कार्डांची जनगणना केलीत? या एकोणचाळिसांना कोणी विचारणार नाही. हे सत्तावीस नंबर मात्र कोरं आहे. याला पुण्यात गिऱ्हाईक मिळेल."

मी विचारलं, कोऱ्याचीच किंमत का असते? वापरलेल्याची का नाही?

पवळ्यांनी तिकिटांचा अल्बम उघडला. दोन पुठ्ठ्याची तिकिटं, दोन्ही दौंड ते मनमाड. एक सबंध, एकाला चिमट्याचं भोक. "लोक सबंध मागतात. मला भोकाचं आवडतं. सबंध तिकीट म्हणजे कोणी गेलंच नाही कुठं." मग भिंग काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "कार्डं कुणाची?"

आणि मी सांगितलं. पहिल्यांदा. व्हरांडा, शिक्का, भागाकार, जाळली म्हणालो ते. पवळे ऐकत ऐकत कार्डं नंबरानं लावत होते. संपल्यावर त्यांनी डबा बंद केला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"मग किंमत मला काय विचारता? मालक आहे ना जिवंत?"

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं निघालो. भीमेच्या पुलावरून जाताना बाहेर उसाच्या ट्रॉल्या, पुढे न्हावऱ्याच्या बाजूला कांद्याच्या गोण्या. वास तोच. खिडकीशी बसलेली एक मुलगी इतिहासाचं पुस्तक मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. मांडीवर डबा, आणि मीही तेच करत होतो. काय बोलायचं ते पाठ करत होतो.

दुकान जुन्याच जागी, आता दोन गाळ्यांचं. विहिरीच्या मोटारींबरोबर रांजणगावच्या कंपन्यांतल्या मोटारीही दुरुस्तीला येतात असं दिसलं. आत एक चाळिशी ओलांडलेला माणूस गुंडाळीत तार भरत होता. कानावर पेन्सिल. दारात खुर्चीवर पांढऱ्या दाढीचे कासम मिस्त्री ऊन खात बसलेले.

"मोटार हाय का पंखा?" आयुबनं मान वर न करता विचारलं.

"कार्डं आहेत," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. आधी मला, मग डब्याला. "सर? बसा की." हात पुसले, स्टूल पुढे केलं, शेजारच्या टपरीला ओरडून सांगितलं, "इजूभाऊ, दोन चहा. एक बिनसाखरेचा... सर, साखर चालती का?"

मी डबा उघडून पुढे ठेवला. त्यानं वरचं कार्ड उचललं आणि सरळ उलटं केलं. मागची बाजू आधी. पेन्सिलीचे आकडे बघत राहिला. मग पुढची बाजू.

"ह्यांच्या तोंडावर शिक्का कुनी मारला?"

"मी."

"तोंडावरच?"

"मागे पुरावा होता."

"पुरावा," तो म्हणाला, आणि पुढचं कार्ड घेतलं.

मी पाठ केलेलं सगळं बोललो. त्याच संध्याकाळी मला कळलं होतं, मी गप्प बसलो, तू कॉपी केली नव्हतीस. तो ऐकत होता आणि कार्डं एकेक करून उलटत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "मला काय सांगताय सर? मला ठावंच हाय. मी हुतो की तिथं." मग हनुवटीनं दाराकडे दाखवलं. "अब्बांना सांगा."

मी खुर्चीजवळ गेलो. "मिस्त्री, ओळखलं का? मी गणिताचा मास्तर."

"मोठ्यानं बोला," आयुब आतून म्हणाला. "कानाचं मशीन खिशात ठिवत्यात. कानात शिट्टी वाजती म्हनं."

"मिस्त्री, आयुबनं कॉपी केली नव्हती!"

"कापी?"

"परीक्षेत! कॉपी!"

"कुनाची परीक्षा हाय?"

चहा घेऊन आलेला टपरीवाला मदतीला धावला. "आयुबची म्हनत्यात, चाचा!"

"आयुबची? आता?"

रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले. एक दुचाकीवाला पाय टेकून उभा राहिला. मी वर्गात फळ्यापाशी उभा राहून बोलायचो तो आवाज लावला. "सातवीत! आयुबनं कॉपी केली नव्हती! मी खोटं लिहिलं! कार्डं जाळली नव्हती! खोटं बोललो मी, मिस्त्री!"

एवढं त्यांना पोहोचलं. खिशातून मशीन काढलं, कानात बसवलं, आणि मुलाकडे वळले. "आन् तू? तू का न्हाई बोललास तवा?"

आयुब ओरडला नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बोललो हुतो, अब्बा."

मिस्त्रींनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. "व्हय," ते म्हणाले. "बोलला हुता." मग मशीन परत खिशात टाकून दुकानाकडे पाठ करून बसले. दुचाकीवाला निघून गेला.

आत येऊन मी विचारलं, "शाळा त्यामुळेच सोडलीस का?"

"आता कुनाला म्हाईत सर. त्या साली मोटारी लई जळल्या. अब्बा म्हनले बस दुकानात. शून्य न्हाई मिळालं असतं तर न्हाई म्हनायला तोंड असतं मला." त्यानं हे रागानं सांगितलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. "एकोणचाळीस हायेत ना?"

"चाळीस."

त्यानं चवड चाळली. लाल टोपी, वर केलेले हातमोजे, स्वच्छ चेहरा. "सत्तावीस? हे माझ्याकडं नव्हतं."

"दौंडला मिळालं. वर्षभर गोळ्या खाल्ल्या."

"तुम्ही?" तो पहिल्यांदा हसला. "त्या गुलाबी? सर, त्यांना गोळी म्हनायचं का रबर?"

"पवळे म्हणून एक जाणकार आहेत. म्हणतात, हे एकटंच किमतीचं. कोरं आहे ना."

आयुबनं कार्ड उलटं केलं. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं, आणि टेबलावर वाकून लिहायला लागला. मी त्याला थांबवलं नाही. उभं राहून बघत होतो, वर्गावर असताना बघायचो तसाच, पण या वेळी वाचत होतो. डाव अठ्ठेचाळीस, नाबाद आठ. अठ्ठेचाळिसातून आठ वजा. धावा नऊशे चाळीस भागिले चाळीस. त्यानं उत्तराखाली रेघ मारली आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"तपासा."

मी स्टुलावर टेकून चष्मा लावला. घाई केली नाही. वजाबाकी पाहिली, भागाकार पाहिला, दशांशचिन्ह पाहिलं. साडेतेवीस.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

आयुब तार हातात घेत दाराकडे बघून म्हणाला, "मोठ्यानं, सर. अब्बांना ऐकू गेलं न्हाई."

मी स्टुलावर टेकलो होतो. उठून उभा राहिलो.